जावईबापूंचं पथ्य

३ जानेवारी

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी आज मला वही ठेवायला सांगितलं. सशाने काय खाल्लं, किती खाल्लं, लेंड्या कशा, वजन किती, सगळं रोजच्या रोज लिहायचं. मी तीस वर्षं पशुखाद्याच्या कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळली. पोत्यापोत्यातून नमुने काढले, ओलावा आणि तंतू दशांशापर्यंत लिहिले. त्या माणसाला ही तिशीची मुलगी म्हणते, "काका, अंदाजे नका लिहू हं." मुलगी हुशार आहे, हे मात्र कबूल करायला हवं. सशाच्या तोंडात बोट घालून तिने त्याच्या दाढा मला मोजून दाखवल्या.

ससा लेकीचा. जावयाची बदली लांब झाली आणि तिकडच्या घरमालकाला प्राणी चालत नाहीत, म्हणून वर्षभर आमच्या गळ्यात. वजन दोन किलो चारशे. असायला हवं एक किलो नऊशे. नवराबायकोने लाडालाडात पाव, बिस्किटं, केळी असं वाटेल ते चारलेलं आहे.

डॉक्टरीणबाईंचे नियम: सुकं गवत हवं तेवढं, दिवसभर, कारण दात जन्मभर वाढतात आणि ते गवत चघळूनच झिजतात. सकाळ-संध्याकाळ मूठभर पाला. कांडी-खाद्य, म्हणजे दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या, दोनच चमचे. फळ आठवड्यातून दोनदा, नखाएवढं. गाजरसुद्धा गोड म्हणून जपून. पाव, भात, बिस्किट अजिबात नाही. आणि शेवटचा नियम मी तांबड्या शाईने दोनदा अधोरेखित केला आहे. बारा तास ससा जेवला नाही तर फोन करत बसायचं नाही, सरळ उचलून घेऊन यायचं. "आतडं एकदा थांबलं की फार वेळ मिळत नाही, काका."

गंमत अशी की जनावरांना जाड करण्याचाच पगार मी आजवर घेतला. आता हे उलटं.

बायकोने त्याचं नाव ठेवलं जावईबापू. "बसून खातो, वर तोंड वाकडं करतो, आणि त्याला काही बोलायची सोय नाही," म्हणाली. मग मी तक्ता करून स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवला तेव्हा म्हणाली, "माझ्या जेवणाचं एवढं कौतुक केलं असतंत तर मी पण फुगले असते." हिचं बोलणं हे असं.

६ जानेवारी

गवताच्या दुकानदाराशी वाजलं. त्याने दिलेल्या गठ्ठ्यात हात घातला तर आतून कोमट लागला. म्हणजे आत ओल, म्हणजे उद्या बुरशी. तो म्हणे, "अहो, घोडे खातात हे!" मी म्हटलं, घोड्यांना वाली नसेल, या सशाला आहे. चार गठ्ठे उकरून पाचवा आणला. हिरवा रंग टिकलेला, चुरगाळला तर चहाच्या पत्तीसारखा आवाज. घरी आणून पसरला तर सगळ्या खोलीला छान वास सुटला.

ही म्हणाली, "आज दोन वर्षांनी तुमचा आवाज चढलेला ऐकला." निवृत्त झाल्यापासून मी खिडकीशी बसून असतो हे तिला डाचतं. जेवताना तिला ठसका लागला. घासागणिक पाणी पीत होती. घास लहान घे, चावून खा, एवढंच मी सांगितलं.

१३ जानेवारी

वजन २.३६. चाळीस ग्रॅम उतरले. चांगली सुरुवात. लेंड्या गोल, कोरड्या, फोडल्या तर आत गवताचे धागे दिसतात. तपासताना मी गुणगुणत होतो असं ही म्हणते.

हिने एक नवीन काढलंय. स्वतःचं ताट घेऊन बाल्कनीत जावईबापूंच्या शेजारी बसून जेवते. "तो एकटा असतो बिचारा. तुम्ही तुमचा पेपर वाचत जेवा." मला ते बरंच वाटलं. सशाला सोबत हवी असं डॉक्टरीणबाईही म्हणाल्या होत्या.

२१ जानेवारी

वजन २.४३.

काटा तपासला. माझ्याकडची मापं ठेवून पाहिली, काटा बरोबर आहे. पुन्हा ससा ठेवला. २.४३. गवत तेच, पाला तोच, कांडी चमच्याने मोजून. मग हे कुठून आलं?

२७ जानेवारी

वजन २.५१. लेंड्या मऊ, चिकट, वास येतो. दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळेत पट्टी खाल्ल्यासारखं झालं. "काका, कोणीतरी याला भात नाहीतर पाव देतंय. रोज. आणि थोडाथोडका नाही." मी म्हटलं, माझ्या घरात हे शक्य नाही. त्या म्हणाल्या, "मग जिथे शक्य आहे तिथे शोधा. त्याचं यकृत एवढं सहन करणार नाही."

माझा अपमान झाला ते सोडा. पण सशाचं काही बरंवाईट झालं तर लेकीला काय तोंड दाखवू?

घरात कोण येतं? कोणी नाही. पण आमची बाल्कनी आणि शेजारच्या मास्तरांची बाल्कनी यांच्यामध्ये एकच जाळी आहे. मास्तर सेवानिवृत्त, एकटे, दयाळू, आणि सकाळ-संध्याकाळ पावावर जगणारे. मला दुसरीकडे बघायची गरजच वाटत नाही.

२९ जानेवारी

मास्तरांशी बोललो. बोललो म्हणजे भांडलोच. ते शपथेवर सांगतात की पहिल्या आठवड्यात एक तुकडा दिला, मी ओरडलो, त्यानंतर नाही. म्हणाले, "अहो, मी चाळीस वर्षं पोरांची खोटी कारणं ऐकली. मला स्वतःला खोटं बोलता येत नाही." दार लावून घेतलं त्यांनी.

ही आतून ऐकत होती. म्हणाली, "त्यांना का बोललात? ते नाही हो तसे." मी विचारलं, मग कोण? ती भांडी घासायला वळली.

संध्याकाळी आणखी एक काम निघालं. भांडी घासताना हिची अंगठी बोटातून निसटून मोरीच्या नळीत गेली. मी पान्हा आणून खालचा वाक खोलला आणि दहा मिनिटांत काढून दिली. साबणाने निसटली म्हणाली. आता आतून दोरा गुंडाळून घालते. नळकाम मला अजून येतं याचं समाधान वाटलं.

३ फेब्रुवारी

युक्ती सुचली. इतके दिवस सुचली नाही याचीच लाज वाटते.

कारखान्यात खाद्य सगळीकडे सारखं मिसळलं गेलं का हे बघायला आम्ही रंगीत कण वापरायचो. लोखंडाचा अगदी बारीक चुरा, खायच्या रंगात घोळलेला. मोजून टाकायचा, मग नमुन्यावरून लोहचुंबक फिरवायचं, चिकटलेले कण ओल्या पांढऱ्या कागदावर झटकायचे. प्रत्येक कणाचा एक ठिपका उमटतो. ठिपके मोजले की झालं. अपाय काही नाही. कोंबड्या खातात, आणि त्या कोंबड्या माणसं खातात. निरोपाच्या दिवशी पोरांनी मला दोन बाटल्या आठवण म्हणून दिल्या होत्या, तांबडी आणि हिरवी.

तांबडे कण पावाला. समेटाची भेट म्हणून मास्तरांना एक लोण्याचा पाव नेऊन दिला. बिचारे विरघळले, आत बोलावून चहा पाजला. मला जरा चोरट्यासारखं झालं.

हिरवे कण हिच्या भातात, मोजून शंभर. संशय म्हणून नव्हे. कुठल्याही चाचणीला तुलनेचा नमुना लागतो. ही बाल्कनीत जेवते, चार शितं खाली सांडतात, ती सशाच्या तोंडात जातात. तेवढे दोनचार ठिपके हिशेबातून वगळता आले पाहिजेत. तिला सांगितलं नाही, नाहीतर ती शितंही सांडणार नाही. आणि चिमूटभर लोह पोटात गेलं तर हिला चांगलंच आहे, हल्ली फिकी दिसते.

५ फेब्रुवारी

दोन दिवसांच्या लेंड्या वाळवल्या, कुटल्या, चुंबक फिरवलं.

तांबडे: शून्य.

हिरवे: एक्क्याण्णव.

माझंच काहीतरी चुकलं असणार. उद्या परत.

८ फेब्रुवारी

परत केलं. तांबडे शून्य. हिरवे चौऱ्याण्णव.

ओला कागद तसाच हातात घेऊन स्वयंपाकघरात गेलो. हिच्यासमोर धरला. आधी तिला कळेना. कळलं तेव्हा ती स्टुलावर बसली.

"माझ्या भातात लोखंड घातलंत तुम्ही?"

"विषय तो नाही. तू त्याला भात चारतेस."

"हो," म्हणाली. "चारते."

"अगं, ते विष आहे त्याला! इतक्या वेळा सांगितलं, भिंतीवर लिहून ठेवलं! त्या मास्तरांना मी चोर ठरवलं, आणि तू आत उभी राहून ऐकत होतीस?"

"खातो ना तो. भराभरा खातो. बघायला बरं वाटतं."

असल्या उत्तराला काय म्हणावं? मी बराच बोललो. कारखान्यात कामगारांवर ओरडायचो तसा ओरडलो. तीस वर्षांत तिच्यावर असा ओरडलो नव्हतो. तिने ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "नाही देणार आता."

थोड्या वेळाने माझ्या डोक्यात आलं, शंभरातले चौऱ्याण्णव म्हणजे जवळजवळ अख्खं ताट. जाऊन विचारलं, मग तू काय खातेस? म्हणाली, "मी आधीच खाते. करता करता, ओट्याशी." पहिल्यापासून तिला ती खोड आहेच, चाखत चाखत पोट भरायची. ठीक आहे.

मास्तरांची माफी मागितली. ते म्हणाले, "पाव छान होता."

१६ फेब्रुवारी

वजन २.३४. लेंड्या पुन्हा गोल, कोरड्या. एकदा कारण सापडलं की गाडी कशी रुळावर येते!

ही आता माझ्यासोबत टेबलाशी जेवते. जेवते म्हणजे पातळ सूप पिते. दाढ दुखते म्हणे. एक वाटी सूप संपवायला माझं सगळं जेवण होतं तेवढा वेळ लावते. मग न्हाणीघरात जाते आणि नळ मोठा सोडून बराच वेळ आत असते. मी दाराबाहेरून विचारलं. "पित्त झालंय," म्हणाली. मी तिला तंतुमय अन्नाबद्दल समजावलं. सशाला पटतं ते हिला का पटत नाही? ती हसली, मग पोट धरून बसली, मग परत हसली. म्हणाली, "मला पण गवत आणा."

दातांच्या डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर पुढच्या आठवड्यावर ढकललं.

२३ फेब्रुवारी

वजन २.१२. रोज सकाळी उठून दाढी करतो, काटा पुसतो, पाला निवडतो. दिवस कसा जातो कळत नाही. मला बरं वाटतंय, हे लिहून ठेवायला हरकत नाही.

लेकीचा व्हिडिओ कॉल आला. ससा दाखवला, ती खूश. मग आईला पाहून म्हणाली, "आई, किती बारीक झालीस गं!" ही लगेच म्हणाली, "बाबांनी सगळ्या घरालाच पथ्यावर घातलंय. जावईबापू चारशे ग्रॅमने उतरले, मी चार किलोने. बक्षीस मलाच." लेक हसली, जावई हसला, मीही हसलो. हिच्यासारखं पटकन बोलायला मला या जन्मात जमणार नाही.

१ मार्च

क्रमाने लिहितो.

सशाला दवाखान्यात नेलं. ही सोबत आली, मीच आग्रह केला, कौतुक ऐकायला. ससा तिच्या मांडीवर होता. वजन १.९८. डॉक्टरीणबाईंनी वही चाळली आणि म्हणाल्या, "काका, माझ्या सगळ्या पेशंटना तुमच्यासारखं माणूस मिळायला हवं." मी फुगलो. खरंच फुगलो.

मग त्यांनी ससा घ्यायला हात पुढे केले. ससा उचलताना हिची शाल खांद्यावरून खाली घसरली. डॉक्टरीणबाई ससा हातात धरून तशाच थांबल्या. मीही पाहिलं. गळ्याच्या हाडांमागे पाणी साठेल एवढे खळगे. घरात मी ते कधीच पाहिले नाहीत. शाल केव्हापासून घेते हेही मला सांगता आलं नसतं.

त्यांनी ससा खाली ठेवला. खणातून बिस्किटाचा पुडा काढला, एक हिच्या हातात दिलं. "काकू, माझ्यासमोर एवढं खाऊन दाखवा." हिने बिस्किट हातात फिरवलं. माझ्याकडे पाहिलं. मग ते टेबलावर ठेवलं.

"घट्ट अन्न शेवटचं कधी गेलं?"

"जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात," ही म्हणाली. "तेव्हाही अडकतच होतं. आता पाणीसुद्धा थांबत थांबत जातं."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मी माणसांची डॉक्टर नाही. पण हे दाढेचं नाही. आज जा. घरी न जाता जा." एका चिठ्ठीवर मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. ससा त्यांनीच ठेवून घेतला.

गाडीत मी तिला काहीही विचारलं नाही. मला राग आला होता, तिचा. हे लिहायला नको होतं, पण होता.

६ मार्च

अन्ननलिकेत गाठ. दुर्बीण घालून पाहिलं, तुकडा तपासला. नळी जवळजवळ बंद झालेली आहे आणि यकृतावर डाग आहेत. डॉक्टर तरुण आहेत, वाईट नाहीत. मी विचारलं, आधी आलो असतो तर? त्यांनी विचारलं, किती आधी? मी म्हटलं, जानेवारीत. ते म्हणाले, "काहीतरी करून बघता आलं असतं. सगळं जमलंच असतं असं नाही म्हणत."

घरी येऊन ही वही उघडली. सगळं लिहून ठेवलेलं आहे. ठसका, घासागणिक पाणी, अंगठी, सूप, नळ. शंभरातले चौऱ्याण्णव. माझ्या हातची चाचणी, दोनदा केलेली, निकाल अचूक. अर्थ तेवढा लावला नाही. कारखान्यात एखाद्या पोराने असा आकडा लिहून आणला असता आणि पुढे काही विचारलं नसतं, तर त्याला मी प्रयोगशाळेत उभं केलं नसतं.

८ मार्च

आज तिला विचारलं. खाटेच्या कडेला बसून विचारलं, का लपवलंस?

"माझ्या थोरल्या बहिणीला हेच झालं होतं. तुम्हाला आठवतं ना, शेवटी कशी होती? मला पहिला घास अडकला तेव्हाच कळलं होतं."

"मग तर लगेच सांगायचं!"

"सांगणार होते. तेवढ्यात ससा आला." थोडं थांबून श्वास घेतला तिने. "दोन वर्षं तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसायचात. जेवा म्हटलं की जेवायचात, झोपा म्हटलं की झोपायचात. आणि त्या दिवशी गवतवाल्याशी भांडून आलात. केवढे खूश होतात! म्हटलं, चार दिवस जाऊ देत. मग अजून चार. मग तर तुम्ही रोज दाढीच करायला लागलात."

मी म्हटलं, तुला काय वाटलं, मला ससा जास्त?

"तसं नाही हो. मी घाबरले होते, तेही आहेच. पण तुम्हाला बरं बघत होते, त्यात माझेही दिवस बरे गेले. भाताचं वाईट वाटायचं. टाकवत नव्हता, म्हणून त्याला द्यायची."

ती झोपल्यावर मी न्हाणीघरात गेलो आणि नळ मोठा सोडला.

१२ मार्च

तिच्या पोटातून नळी बसवली. आता अन्न थेट पोटात. दर दोन तासांनी दोनशे मिली, आधी-नंतर पाणी. रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी तक्ता दिला. गाळायचं कसं, कोमट किती, हे मला समजतं. समजतं याचाच संताप येतो.

डॉक्टरीणबाईंचा फोन आला. ससा मजेत आहे, केव्हा नेता? मी म्हटलं, नेणार नाही. मग मी बोलून गेलो ते असं: महिनाभर तिच्या ताटातलं त्याने खाल्लं, मला त्याचं तोंड बघायचं नाही. मुक्या जनावराचा यात काय दोष, हे मला माहीत आहे. तरीही बघायचं नाही. त्या म्हणाल्या, "राहू दे माझ्याकडे. तुम्ही काकूंचं बघा." लेकीला मी अजून हे सांगितलेलं नाही. तिला आईचंच पूर्ण सांगायला दोन फोन लागले, दुसऱ्या फोनवर ती फक्त रडली.

स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा तक्ता मास्तरांनी काढला. मी रुग्णालयात असताना येऊन काढून गेले. भिंतीवर चिकटपट्टीच्या चार खुणा राहिल्या आहेत.

१९ मार्च

घरी आणलं. औषधं द्यायची, नळी स्वच्छ ठेवायची, दुखलं तर वेदनाशामक वाढवायचं. बाकी उपाय आता नाहीत असं त्यांनी नीट शब्दांत सांगितलं. घरी येणाऱ्या नर्सबाई एक दिवसाआड येतात.

मी स्वयंपाक शिकतोय. तिच्या नळीसाठी गाळून करायचं ते जमतं. माझ्यासाठीचं जमत नाही. काल भात खाली लागला, वास खोलीत गेला. ती डोळे मिटून तो वास ओढून घेत होती. मला ते बघवेना. तेव्हापासून माझं ताट मी जिन्यात नेऊन खातो. वर जाणारी-येणारी माणसं मला वळसा घालून जातात.

२४ मार्च

ती दिवसाचा बराच वेळ झोपते. जागी असली की बोलते, पण वाक्य पुरं करायला दम लागतो. आज म्हणाली, "मी गेल्यावर खिडकीत बसलात तर बघा." मी म्हटलं, असं बोलू नकोस. म्हणाली, "मग कधी बोलू?" मी तिची उशी सारखी केली.

नळीतून दोनशे जायचे ते आता शंभर जातात. त्यापुढे तिला मळमळतं. नर्सबाई म्हणाल्या, जबरदस्ती करू नका, शरीर नको म्हणत असतं. मी शंभरच देतो. आकडा लिहायचा सोडून दिला आहे.

२७ मार्च

लेक शुक्रवारी पोचते. आज मंगळवार. नर्सबाईंना दारापर्यंत सोडायला गेलो तेव्हा हळू आवाजात विचारलं, शुक्रवारपर्यंत? त्यांनी चप्पल घालायला नको तेवढा वेळ लावला. म्हणाल्या, "तिकीट आधीचं मिळालं तर बघा."

लेकीला फोन केला. गुरुवारी सकाळचं मिळालं.

दुपारी ताट घेऊन बाहेर निघालो तर आतून हाक आली. "कुठे निघालात?"

"मास्तरांकडे जेवायला बोलावलंय."

"खोटं बोलता येत नाही तुम्हाला. जिन्यात जेवता ना? नर्सबाईंनी सांगितलं. इथे आणा ते ताट."

"तुला वासाने त्रास होईल."

"जो व्हायचा तो होतोच आहे. आणा म्हणते ना."

आणलं. भात आणि उकडलेल्या बटाट्याची भाजी, दोन्ही माझ्याच हातचं. खाटेजवळ खुर्ची ओढून बसलो. तिने उशी वर करायला लावली, मला समोरून दिसावं म्हणून.

"खा आता. बघताय काय?"

पहिला घास माझ्या तोंडात नुसता फिरत राहिला. ती माझ्या तोंडाकडे, मग गळ्याकडे बघत होती. गिळला. मग दुसरा घेतला.

"मीठ?"

"कमी पडलंय."

"बटाटे उकडताना पाण्यातच घालायचं. वरून घातलं की नुसतं बाहेरून लागतं." श्वास घेतला. "अजून भात घ्या."

"बस झालं गं."

"घ्या म्हटलं."

उठून पातेल्यातला भात आणला. पोट भरलं होतं, तरी घेतला. ती एकही घास चुकवत नव्हती. मध्येच तिचे ओठ माझ्याबरोबर हलले, बाळाला भरवताना आई हलवते तसे. मी मान खाली घातली आणि खात राहिलो. डोळ्यांतून पाणी ताटात पडत होतं.

शेवटचं शीत उचललं. तिने ताट वाकडं करून दाखवायला लावलं. मी दाखवलं. तिने नीट पाहून घेतलं, अगदी कडेपर्यंत, आणि मग डोळे मिटले.